टाचणीबाईंचा मुका खिसा

टाचणीबाईंना खरं नाव होतं, पण ते फक्त बँकेला आणि मतदार यादीला माहीत. नाटकवाल्यांसाठी त्या टाचणीबाई, कारण ओठांत चार टाचण्या धरल्याशिवाय त्या बोलत नसत आणि बोलल्यावर समोरच्याला टोचल्याशिवाय राहत नसत. नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली, दोन शिलाई मशीन, एक इस्त्री, आणि एकाच दांडीवर राजापासून भिकाऱ्यापर्यंत सगळ्यांचे कोट. छत्तीस वर्षं त्यांनी हा संसार केला. राजे बदलत गेले, कोट तोच राहिला.

त्यांची कला अंधारातली. नट धापा टाकत विंगेत यायचा आणि चाळीस सेकंदांत शिपायाचा जमीनदार होऊन परत जायचा. तेवढ्यात चेन ओढली तर चर्र, वेल्क्रो उघडला तर फर्र, आणि पलीकडे रंगमंचावर कोणीतरी प्राण सोडत असायचं. एकदा भर मृत्यूप्रसंगात असा फर्र झाला आणि तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला. त्या दिवशी टाचणीबाईंनी वेल्क्रोला खोलीत बंदी केली. जाड लोकरी कापडाच्या दोन पदरांत चपटे लोहचुंबक शिवून त्यांनी स्वतःची युक्ती काढली. लावताना आवाज नाही, काढताना आवाज नाही. एका नटाची बायको घर सोडून गेली, तेव्हाही यापेक्षा जास्त आवाज झाला होता.

पुढे दिवस फिरले. आताचे नट घरून जीन्स घालून येतात आणि तीच घालून मरतात. कपडेपालट संपली. एके दिवशी नाट्यगृहाचा मॅनेजर दारात उभा राहिला.

"बाई, वर्षअखेरीला खोली सोडा. इथे कॉफीचं यंत्र बसवायचंय."

"छत्तीस वर्षांच्या बदल्यात यंत्र?"

"चालू काम दाखवा, खोली राहू देतो. जुने कोट म्हणजे काम नव्हे."

त्या खोलीबाहेर टाचणीबाईंना जग होतं कुठे? घरी त्या फक्त झोपायला जायच्या. ती खोली गेली असती, तर दांडीवरच्या कोटांइतक्याच त्याही रिकाम्या झाल्या असत्या.

धावून आला तो भाचा. वन्संचा मुलगा. हा इंजिनीअर झाला होता आणि त्यानंतर काहीच झाला नव्हता. त्याला सरकारची एक जाहिरात सापडली: छोट्या उद्योगांनी संरक्षणासाठी नवं काही शोधावं, खर्च सरकार करेल. विषय सदतीस. बाविसावा विषय होता जवानांच्या खिशांचा. वेल्क्रोचा आवाज शत्रूला ऐकू जातो, म्हणे.

"मामी, सैन्याला मुका खिसा हवाय!"

"मग इतकी वर्षं काय बोलके खिसे घेऊन लढत होते?"

अर्ज चौसष्ट पानांचा. त्यात एक प्रश्न होता, प्रकल्प फसण्याची शक्यता किती? टाचणीबाईंनी अभिमानानं सांगितलं, शून्य. पंधरा दिवसांत अर्ज परत आला. हमखास जमणाऱ्या गोष्टीला संशोधन म्हणत नाहीत, असा शेरा. भाच्यानं शून्य खोडून चाळीस टक्के केले. अर्ज मंजूर!

"माझा कोट कधी स्टेजवर उघडा पडलाय का रे?" टाचणीबाई कडाडल्या.

"मामी, त्यांना यश नकोय. संशोधन हवंय."

सरकारी पैसे घ्यायला कंपनी काढावी लागली. तिला दोन संचालक लागत होते, म्हणून वन्संना संचालक केलं. वन्संनी टेलिफोन खात्यात जन्म काढलेला, आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं. खिशाचा आवाज मोजायची वेळ आली की भाचा आधी आईला बाजारात धाडायचा. सहा महिने काम चाललं. शेवटी चाचणी. ती पार पडली, की दुसरा टप्पा, आणखी दोन वर्षं काम, आणि खोली शाबूत.

चाचणीच्या सकाळी छावणीच्या मैदानावर तिघांची समिती खुर्च्यांवर बसली होती. मध्ये अध्यक्ष, निवृत्त सेनाधिकारी. त्यांच्या उजवीकडे जाड चष्म्याचे शास्त्रज्ञ. तिसरे गृहस्थ फक्त चहा पीत होते आणि ते कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही. एक हवालदार आणि त्याचे बारा जवान मुके खिसे लावून उभे. काम सोपं होतं. होकायंत्र बघत झाडीतून उत्तरेला जायचं, वाटेत वीस वेळा खिसे उघडायचे, आणि टेकाडावरच्या झेंड्याशी पोचायचं. झाडीत जागोजाग माइक लावले होते.

जवान निघाले. माइकवर पाखरं ऐकू आली, खिसा एकही नाही. अध्यक्षांनी मान डोलावली. टाचणीबाईंना वाटलं, आता टाळ्या पडणार.

अर्धा तास झाला. झेंडा एकटाच फडफडत होता. मग अध्यक्षांचा फोन वाजला. छावणीच्या लॉन्ड्रीतून होता, लॉन्ड्री पूर्वेला.

"साहेब, इथे बारा जवान आणि एक हवालदार आलेत. अजिबात आवाज न करता आलेत. त्यांचं काय करायचं?"

भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मामी, चुंबक! होकायंत्र ठेवलं वरच्या खिशात, बघितलं छातीशी धरून. सुई झेंड्याकडे कशी बघेल? ती तुमच्या खिशाकडे बघत बसली!"

छत्तीस वर्षांत एकाही नटानं टाचणीबाईंना उत्तर दिशा कुठे म्हणून विचारलं नव्हतं. प्रेक्षक कुठल्या बाजूला आहेत, एवढं कळलं की नटाचं भागतं.

पण प्रयोग कोसळला म्हणून पडद्याची वाट बघत उभी राहणारी ती बाई नव्हे. जवान परत आले, तसं त्यांनी पर्समधून कात्री काढली आणि हवालदारापुढे उभ्या राहिल्या. "हलू नका." चुंबक उसवून फेकले. मग स्वतःच्या लोकरी कोटाची कड कापून कापडाची एक गुंडी वळली, दोऱ्याचा फासा केला, टाके घातले. सगळं वीस मिनिटांत. गुंडी सुटली, गुंडी बसली. माइक मुका. सुई उत्तरेला.

अध्यक्ष हळहळले. "बाई, उत्तम आहे. पण नवीन नाही. माझ्या आजोबांच्या सदऱ्याला हेच होतं."

"आजोबा कधी लॉन्ड्रीत पोचले होते का?"

हवालदाराला खोकला आला. पण चष्मेवाले कधीचे मैदानावर रांगत होते, फेकलेले चुंबक गोळा करत.

"साहेब, विचार करा! एवढीशी वस्तू, आणि बारा तयार जवान भलत्याच दिशेला! हे खरं संशोधन!"

दुसरा टप्पा तिथल्या तिथे मंजूर झाला. विषय, होकायंत्राची दिशाभूल. आणि मुका खिसा हा प्रकल्प बंद, असं टाचणीबाईंनी लिहून द्यायचं.

"म्हणजे शत्रूला खिसे आपण शिवून द्यायचे?" वन्संनी विचारलं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एक कुत्रं दचकलं. चष्मेवाल्यांनी तो प्रश्न गंभीरपणे टिपून घेतला.

कागद पुढे आला. टाचणीबाईंनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. जमलेल्या कामावर काट मारायची आणि फसलेल्या कामावर खोली टिकवायची!

"मामी, कॉफीचं यंत्र," भाचा कानाशी पुटपुटला.

"कळतंय रे. नाटक पडलं तरी थिएटर राहिलं पाहिजे." त्यांनी सही ठोकली.

मॅनेजरनं सरकारी पत्र दोनदा वाचलं आणि कॉफीचं यंत्र जिन्याखाली नेलं. भाच्यानं खोलीतल्या टेबलावर चुंबकांची रास मांडली. टाचणीबाई तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हत्या.

आठवड्याभरानं दुपारी दार वाजलं. हवालदार. खांद्यावर गाठोडं, अंगात तोच गुंडीचा शर्ट.

"बाई, हे सरकारी काम नाही. कुठे लिहू नका." त्यानं गाठोडं सोडलं. आत बारा शर्ट. "पोरं म्हणतात, गुंडीच पाहिजे."

टाचणीबाईंनी एक शर्ट उचलून खिसा बोटांनी चाचपला. मग भाच्याकडे वळल्या.

"बाळा, ती दिशाभूल जरा बाजूला सरकव. इथे काम आलंय."