प्रवीणच्या खाटेवर

आधी माफी मागतो. इथे चांगलं लिहिणारे लोक आहेत, आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच... चुकलंमाकलं सांभाळून घ्या. अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावात कोणी सांगू लागलं की मी उठून जायचो.

मी नागपुरात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ट्रेनी आहे. मनीषनगरला खोली, दोन खाटा — एक माझी, एक प्रवीणची. तो माझ्याच गावचा, भिवापूरजवळचा. उन्हाळ्यात पुण्याला मुलाखतीला जातो म्हणून निघाला आणि त्यानंतर फोन बंद. पोलिसांत कळवून झालं. त्याची आई मला सारखी फोन करायची, "बाबू, माह्या पोराचा काही पत्ता लागला काय?"

सकाळची मीटिंग मी खोलीतूनच करायचो, कॅमेरा सुरू ठेवून. दोरीवरचे कपडे दिसू नयेत म्हणून मागचं ब्लर करायचो. त्यात माणूस तेवढा स्पष्ट राहतो, बाकी सगळं धूसर. एके दिवशी आमच्या टीम लीड ऋचा मॅडम म्हणाल्या, "तुझ्या मागे कोण बसलंय? मीटिंगमध्ये कोणाला बसवत जाऊ नको."

"बसू द्या ना मॅडम," टीममधला तेजस म्हणाला, "रूममेट फुकटात ट्रेनिंग घेऊन राहिला."

मी स्क्रीनवर पाहिलं. प्रवीणच्या खाटेवर, त्या धूसरपणात, एक तुकडा स्वच्छ होता — डोकं, खांदे, मांडीवर टेकलेले हात. आकार बसलेल्या माणसाचा, पण माणूस नाही. आत नुसती भिंत, तिचा उडालेला रंगसुद्धा दिसत होता. वळून पाहिलं तर खाट रिकामी.

मग ते रोजचंच झालं. तेजसचा लॅपटॉप आणून पाहिला, खाट दुसऱ्या भिंतीला लावली. खाट जिथे, आकार तिथे. माझी खात्री पटली की प्रवीणचं बरंवाईट झालं, आणि हा तोच आहे. त्यामुळे भीती वाटेना, वाईट वाटायचं. मी त्याची चादर झटकून ठेवायचो. मीटिंग संपली की म्हणायचो, "घरी जा ना गा एकदा. काकू वाट पाहून राहिली." बोलू लागल्यापासून तो आकार खाटेच्या कडेला, माझ्या खुर्चीकडे सरकत आला... मला वाटलं, त्याला काही सांगायचं असेल.

तेजस म्हणतो, सॉफ्टवेअरची चूक. असेलही. मला आजही कारण कळलेलं नाही.

परवा अनोळखी नंबरवरून फोन आला. प्रवीण होता. पुण्यात, धडधाकट. मला रडू आवरेना.

"फोन काहून बंद केला गा? काकू..."

"आईशी बोललो आत्ताच. मले त्या खोलीतलं काहीच सोबत नको होतं."

"म्हणजे?"

"मुलाखत-गिलाखत काही नव्हती. तुले खरं सांगितलं असतं त तू हासला असता. माह्या खाटेवर कोणीतरी येऊन बसे गा. मी झोपलो की पायाशी." मग हळूच म्हणाला, "तू त्याच्यासंगं बोलला तर नाही ना?"