दादाने कुलपात ठेवलेली बॅट

घरातला पोरगा भारताकडून खेळायला लागला की किस्से रद्दीसारखे साठायला लागतात. फरक एवढाच, की रद्दी महिन्याला कुणीतरी घेऊन जातं. आमच्याकडचे किस्से न्यायला गेल्या वर्षी एक लेखिका आल्या. मिलिंदवर पुस्तक लिहायचं होतं आणि त्यात एक अख्खं प्रकरण आमच्या खानदानावर!

मिलिंद माझा पुतण्या. त्याचे वडील, म्हणजे माझा दादा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेला माणूस. आयुष्यभर स्फोटकं हाताळली, पण पुस्तकाचं ऐकून तो घाबरला. कारण मिलिंद दहावीत असताना दादाने त्याची बॅट लोखंडी कपाटात ठेवून चार महिने कुलूप लावलं होतं. "आता छापून येणार बघ," मला म्हणाला, "लोक म्हणतील, हा बाप की वैरी?"

घरातल्या प्रत्येकाला त्याने तोंड बंद ठेवायला बजावलं.

*

लेखिकाबाईंचा पहिलाच प्रश्न, मिलिंदला पहिली बॅट कुणी दिली? पाच जणांनी दिली होती. आत्याने तुळशीबागेतून आणली होती, मामाने लोणी काळभोरच्या शेतातली बाभूळ तोडून केली होती, आणि मी एकट्याने दोनदा दिली होती, एकदा वाढदिवसाला आणि एकदा बारशाला. बाईंनी सगळं शांतपणे लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे शाळेत जायच्या आधीच त्याच्याकडे किटबॅग होती."

बाई पुण्याच्याच आहेत हे तेव्हा कळलं.

बॅट हा शब्द निघाल्यापासून दादा पंख्याकडे बघत बसला होता. बाई पुढच्या प्रश्नावर गेल्या तेव्हा कुठे त्याने पाणी मागितलं.

*

मग मामाने पेटीतून फोटो काढला. मिलिंदचे पणजोबा, हातात बॅट. बाई हरखल्या. मोबाइलवर फोटो मोठा करून बघितला, तर ते कपडे बडवायचं लाकूड निघालं आणि मागे विहीर.

मामा जराही हलला नाही. "आवो, लाकूड सोडा. उभं कसं ऱ्हायलंय ते बघा की. स्टान्स बॅट्समनचाच हाय."

*

आमच्या घरचा एक नियम आहे. मिलिंद खेळायला आला की जो जिथे असेल तो तिथेच राहणार. एका मॅचला मी विश्रांतवाडीहून आलो, एक बूट काढला आणि तेवढ्यात मिलिंदने चौका मारला. वहिनी ओरडल्या, "भाऊजी, हलू नका!" झालं. लंचपर्यंत मी दारात एका बुटावर उभा. चहा तिथेच, पोहे तिथेच. पोस्टमन आला, तो मला वळसा घालून आत येऊन सही घेऊन गेला.

पठ्ठ्याने सेंच्युरी मारली. आता प्रत्येक मॅचला मला फोन येतो. बसायला नाही, उभं राहायला.

*

बाईंना मी खडकीतलं आमचं जुनं क्वार्टर दाखवायला घेऊन गेलो. तिथे आता कुणी दुसरे गृहस्थ राहतात. त्यांनी मोठ्या कौतुकाने खिडकीची फुटकी काच दाखवली. मिलिंदने फोडलेली म्हणे, म्हणून बदललीच नाही. मी म्हटलं, अहो, तुम्ही तर आम्ही सोडल्यावर आलात.

"आम्ही आलो तेव्हापासून काच फुटलेलीच आहे," ते म्हणाले. "दुसरं कोण फोडणार?"

घरी आल्यावर दादाने काचेचं काही विचारलं नाही. त्याने मला गॅलरीत ओढलं आणि कपाटाबद्दल बाई काही बोलल्या का तेवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर त्या दिवशी तो नीट जेवला.

*

आणि मग मिलिंद स्वतः दोन दिवसांसाठी घरी आला. बाई समोर, आम्ही सगळे भोवती. बाईंनी विचारलं, घरून कधी विरोध झाला का? दादा खुर्चीच्या कडेला आला. मला त्याच्याकडे बघवेना.

मिलिंद हसून म्हणाला, "झाला ना. दहावीत बाबांनी बॅट कपाटात ठेवून कुलूप लावलं."

दादाने मान खाली घातली.

"पण बाबा ड्यूटीवर गेले की किल्ली कुलपालाच लावलेली असायची. रोज. मी प्रॅक्टिस करून यायचो, ते यायच्या आत बॅट जागेवर ठेवायचो. बाबा बोलले कधीच नाहीत, मीही बोललो नाही. पण त्या चार महिन्यांत मला कळलं, की बाबा माझ्या बाजूने आहेत."

बाई भराभर लिहीत होत्या. मिलिंदने पुढे होऊन दादाच्या पायाला हात लावला. इतक्या महिन्यांचं ओझं उतरलं, दादा लहान मुलासारखा रडला आणि आम्हीही रडलो. मला तर इतकं हलकं वाटलं, की मी सगळ्यांसाठी चहा सांगायला उठलो.

दादा डोळे पुसत माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आला. चेहरा गोंधळलेला.

"अरे," तो माझ्या कानाशी म्हणाला, "किल्ली तर रोज माझ्या खिशात असायची."

वहिनी केव्हाच आत येऊन चहा गाळत होत्या. मागे वळूनही न बघता म्हणाल्या, "अहो, कपाट घेतलं की दोन किल्ल्या मिळतात."