साठ नंबरची शेव

मी इंदूरला गेलो की मामाच्या शेजारचे काका माझ्या खाण्याचा बेत आखायचे. माझ्या आवडीला त्यात जागा नसे. "भिया, सकाळी पोहे-जलेबी, दुपारी बस ताक, और शाम को मल्हारगंजात शेव घेऊ. साठ नंबरची!" हा नंबर सुताचा, तो जितका मोठा, तितकं सूत बारीक. गिरणीत तुटलेलं सूत जोडण्यात त्यांचा जन्म गेला होता.

गिरणी बंद पडली त्या वर्षीही बेत तोच होता. दुकानात त्यांनी शेवेची एक काडी उचलली, डोळे मिटले आणि ती बोटांत हळूहळू फिरवत राहिले. दुकानदार तराजू धरून थांबला. काडी मोडली. काकांनी डोळे उघडलेच नाहीत. त्यांची बोटं मात्र ती दोन टोकं जोडत होती.