धुरपताच्या विहिरीचं पाणी

सुपातली ज्वारी अर्धीच निवडून झाली होती, तेवढ्यात शरणम्मा कागद घेऊन आली. लातूर वेगळा जिल्हा झाला म्हणून आमच्या भजनी मंडळानं बायकांच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढायचं ठरवलंय. मी रोज वही लिहिते, म्हणून सगळ्यांचं वाचून बघायचं काम माझ्याकडे. शरणम्मा माझी शेजारीण, निलंग्याकडच्या खेड्यातली. मालकांची बदली नव्या कचेरीत झाली म्हणून इथं आली. बोलायला लागली की हसवून हसवून बेजार करते. आज मात्र नजर खाली.

तिनं लिहिलं होतं, 'बहात्तरच्या दुष्काळात महादेवाच्या कृपेनं आमच्या घरी पाणी कमी पडलं नाही.'

वाक्य मला आवडलं. तरी विचारलं, "कोणत्या विहिरीचं गं?"

"अक्का, तुम्ही तर तलाठ्यावानी विचारता." मग हळूच म्हणाली, "बौद्धवाड्याच्या. आमची आटली व्हती. तिथली धुरपता शेंदून माझ्या घागरीत ओतायची. घरी मी नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं म्हणून सांगायची, हे तिलाबी ठाऊक व्हतं. सासऱ्यांची लिंगपूजा त्याच पाण्यावर व्हायची."

"मग लिही की. यात लाज कसली?"

"त्याची न्हाई, अक्का. पुढच्या साली पाऊस झाला. धुरपता लेकराला घेऊन आमच्या दारी आली, पाणी मागितलं. सासरे ओसरीवर बसलेले. मी वरून तिच्या ओंजळीत ओतलं. ती पिली अन् म्हणाली, 'शरणम्मा, औंदा तुमच्या नदीला लई पाणी आलं म्हणायचं.'"

एवढं सांगून शरणम्मानं सूप आपल्याकडे ओढलं अन् खाली मान घालून खडे वेचू लागली. रोज पोथी वाचणारी मी. त्या कृपेच्या वाक्याला मान डोलावली होती, तेच आता अंगावर आलं.

मंडळातल्या बायांनो, आठवणी लिहिताना देवाचे आभार जरूर माना. पण घागर कुणी भरली, ते नाव गाळू नका. हात जिथं अडतो तिथंच लिहा. अक्षर वाकडं आलं तरी चालतं.

"ओंजळीचं बी लिहू?" शरणम्मानं विचारलं.

"ते आधी लिही."

"गावातले वाचतील की!"

"वाचू दे."

ती लिहू लागली अन् धुरपताच्या नावाशी थांबली. "अक्का, तिला न विचारताच तिचं नाव छापायचं? पुन्हा आपल्याच मर्जीनं?"

हे मला सुचलं नव्हतं. उद्या सकाळच्या निलंगा गाडीनं आम्ही दोघी धुरपताला विचारायला जाणार आहोत.