कचऱ्याचा कप्पा बघितला, असं मी म्हणालो

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत नाही, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला नाही — आणि त्याच्यापासून माझं काही लपत नाही असं तो समजतो. वरून बघितलं तर सांगण्यासारखं आहे तरी काय? एक ईमेल आली होती. ती मी काढून टाकली. दिवसाला ढिगानं काढतो आपण. तुम्हीही काढत असाल.

भोरला एसटी स्टँडपासून चार पावलांवर माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दाखले, शिष्यवृत्ती, कॉलेजचे प्रवेश, भरतीचे अर्ज. वेल्ह्याकडची माणसंही बरीच येतात. आमच्या धंद्यात एक रीत होती, अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे — फॉर्ममध्ये ईमेलचा रकाना आला की समोरच्याला विचारायचं नाही. त्याच्याकडे नसतोच. आपलाच पत्ता टाकायचा आणि पुढं जायचं. तालुक्यातल्या कितीतरी घरांची पत्रं माझ्या एका पत्त्यावर येत होती. आणि फॉर्मच्या तळाशी ‘माझी माहिती इतरांना देण्यास माझी संमती आहे’ अशी जी बारीक चौकट असते, त्यात मी डोळे झाकून टिचकी मारायचो. वेळ वाचायचा.

पुढं काय होणार? पत्ता बाजारात गेला. कर्ज घ्या, लॉटरी लागली, परदेशात नोकरी, परीक्षेशिवाय थेट प्रवेश. सकाळी दुकान उघडून चहा येईपर्यंत कॉम्प्युटरचा पडदा भरलेला. मला वाटलं, मेलच्या तळाशी ‘नको असल्यास इथं दाबा’ असं लिहिलंय ना, मग दाबू. प्रत्येक मेलमध्ये दाबत बसलो. त्यानं जास्तच वाढलं. अनोळखी मेलमध्ये ते दाबलं की पाठवणाऱ्याला कळतं, या पत्त्यावर माणूस राहतो, वाचतो. हे मला फार नंतर समजलं.

मग मी एक नियम लावला. मेलमध्ये तसा नियम लावता येतो — अमुक शब्द दिसले की मेल समोर न येता परस्पर कचऱ्याच्या कप्प्यात जावी. त्या फसव्या मेलांची सुरुवात ठरलेली असायची. अभिनंदन. तुमची निवड झाली आहे. मी तेच शब्द नियमात घातले. दुसऱ्या दिवशी पडदा स्वच्छ. झेरॉक्सवाल्याला बोलावून दाखवला. तो म्हणाला, “तुमी तर इंजिनेरच झाला!” — आणि मी खूश झालो.

इतका वेळ मी नियमाबद्दलच बोलतोय. नियमाला दोष द्यायला सोपं जातं. पण नियम चुकीचा लावणं हा अडाणीपणा झाला. मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं आहे.

सारिका मार्गासनीच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यातली. बाप धोंडिबा, शेळ्यामेंढ्या आणि चार म्हशी. पोरगी हुशार म्हणून तिला भाटघरला मावशीकडे ठेवलेली, तिथून ती भोरच्या कॉलेजला यायची. बारावी झाल्यावर पुण्यातल्या एका दवाखान्याच्या नर्सिंगच्या शाळेचा फॉर्म तिनं माझ्याकडून भरून घेतला. राहणं-जेवण तिथंच, फी नाही. वाड्यावर मोबाईलला रेंज नव्हती, आणि पुढची सगळी पत्रं ईमेलनेच येतील असं फॉर्मवर लिहिलेलं होतं. पत्ता अर्थातच माझा.

ती दर आठवड्याच्या बाजारला यायची. दारातूनच विचारायची, “काका, आलं का?” मी मान हलवायचो. ती जायची. तिसऱ्या का चौथ्या बाजारला ती आत आली. दुकानात गर्दी होती, दाखल्यांचे दिवस. ती खुर्चीशेजारी उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, “काका, नको असलेल्या मेलांचा वेगळा कप्पा असतो ना, त्यात जरा बघता का? आमच्या बाई म्हणल्या, कधीकधी चुकून तिकडं जातं.”

मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणालो, “बघितलं. त्यात पण नाही.”

मी बघितलं नव्हतं.

का नाही बघितलं? गर्दी होती असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण गर्दीत दोन मिनिटं निघत नाहीत का? खरं ते असं — मला राग आला होता. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली पोरगी, आणि ती मला दुकानात चार माणसांदेखत मेल कशी बघायची ते शिकवते? एवढंच होतं. दुसरं काही नव्हतं. लिहून झाल्यावर ते फार लहान दिसतंय. ते लहानच होतं.

ती “बरं काका” म्हणाली आणि गेली.

पाच-सहा दिवसांनी दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाचं काही शोधताना मी तो कप्पा उघडला. वरून खाली येत गेलो. नर्सिंगच्या शाळेची मेल तिथं होती. अभिनंदन, तुमची निवड झाली आहे. सोबत निवड झालेल्यांची यादी. मूळ कागद घेऊन हजर राहायची तारीख परवाच होऊन गेलेली. मेल आलेली तारीखही बघितली — सारिका माझ्या खुर्चीशेजारी उभी होती, त्याच्या दोन दिवस आधीची. म्हणजे तेव्हा बघितलं असतं तर तिच्या हातात अजून दिवस होते.

खाली फोन नंबर दिला होता. दोन दिवसांच्या उशिरानं काही फार बिघडत नाही, दवाखान्यातली माणसं ऐकून घेतात. निदान विचारता आलं असतं. मी नंबर वाचला. फोन हाताशीच होता. फोन केला असता तर उशीर का झाला ते सांगावं लागलं असतं, आणि मग सारिकाला कळलं असतं की मी बघितलं म्हणालो आणि बघितलं नव्हतं. कचऱ्यातलं महिन्याभरात आपोआप जातं. मी तेवढंही थांबलो नाही. ‘कायमची काढून टाका’ दाबलं. मग समोरच्या गिऱ्हाइकाला विचारलं, “हं, आधार आणलंय का?”

पुढच्या बाजारला ती आली नाही, बाप आला. खाली उतरून, दोन एसट्या बदलून. पायरीवर टेकला, पटका काढून मांडीवर ठेवला. “सारीचं काय झालं ओ? पोरगी जेवना झालीया.”

मी म्हणालो, “नंबर नाही लागला, मामा. लई पोरी होत्या.”

त्यानं पटका परत डोक्याला गुंडाळला. मग म्हणाला, “आसंल. आमच्या पोरीस्नी कुठं इंग्रजी येतंय. तुमी लई खटपट केली, तुमाला काय बोल न्हाई.” पिशवीतून तुपाची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी नको म्हणालो नाही. ते तूप आमच्या घरी संपलं. चांगलं होतं.

त्याच वर्षाअखेर तिचं लग्न झालं. आता ती शिरवळच्या बाजूला एका कंपनीत पॅकिंगला जाते. ठीक आहे तिचं, असं लोक म्हणतात. मी चौकशी करतो, मग पुढचं ऐकत नाही.

मधल्या काळात मला या विषयातला जाणकार समजायला लागले. कॉलेजनं मुलांपुढं बोलायला बोलावलं. मी नीट बोललो. सरकारी फॉर्मसाठी एक पत्ता ठेवा, बाकी फुटकळ कामांना दुसरा. तळाची चौकट वाचल्याशिवाय टिचकी मारू नका. अनोळखी मेलला उत्तर देऊ नका, त्यातलं काही दाबू नका, सरळ स्पॅम म्हणून खूण करा. नुसत्या शब्दांवर नियम लावू नका. आणि कप्पा रिकामा करण्याआधी रोज एकदा नजर टाका — कामाची मेल सापडली तर ‘ही स्पॅम नाही’ असं दाबा, म्हणजे पुढची नीट येते. मुलं लिहून घेत होती. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “सर, तुमच्याकडून कुणाची महत्त्वाची मेल गेलीय का कधी?”

“नाही,” मी म्हणालो. “मी रोज बघतो.”

टाळ्या झाल्या. गुलाबाचं फूल दिलं.

गेल्या जूनमध्ये सारिका दुकानात आली. मुलीला पहिलीत घालायचं होतं. फॉर्म भरताना ईमेलचा रकाना आला. मी म्हणालो, तुझा वेगळा काढून देतो. ती हसली. “कशाला ओ काका, तुमचाच टाका की. मला कुठं कळतंय त्यातलं.” मी तरी काढून दिला, कागदावर लिहून दिला. मुलगी टेबलावरचा स्टेपलर दाबून बघत होती. सारिका तिला म्हणाली, “शिक गं नीट. तुझ्या आईला नर्स व्हायचं हुतं, पण आई ढ निघाली. पुण्याच्या बायांनी घेतलंच न्हाई.” हे तिनं हसत सांगितलं. सवयीचं वाक्य असावं ते. घरीही म्हणत असेल.

मी फॉर्मची प्रत काढून तिच्या हातात दिली. त्या दोघी गेल्या. मी पुढच्या माणसाचा कागद घेतला.

तेव्हा काही वाटलं का, असं तुम्ही विचाराल. नाही वाटलं. बरीच वर्षं काही वाटत नाही.

त्या यादीत तिचं नाव वरून चौथं होतं. हे तिला सांगणं माझ्याकडे बाकी आहे.