उशिरा बंद होणारा नळ

गोंदियाच्या जुन्या रेल्वे डेपोला लागून आमची टोली, म्हणजे वस्ती. मधे छातीएवढी भिंत आणि पलीकडे लोखंडी खांबांवर पाण्याची टाकी. छोट्या लाइनीची, म्हणजे नॅरोगेजची, कोळशाची इंजिनं तिच्याखाली येऊन उभी राहायची. माझे आजोबा त्यांच्यात पाणी भरायच्या कामावर होते. टाकीची सोंड इंजिनात सोडायची, इंजिन भरलं की चाक फिरवून पाणी बंद करायचं. पण आजोबा बंद करायच्या आधी सोंड भिंतीकडे वळवायचे. भिंतीच्या अलीकडे टोलीतल्या लोकांनी बांधलेला हौद होता. तो भरला की मग चाक फिरवायचे. आजोबांच्या आधीच्यांनी तेच केलं, नंतरच्यांनीही. साहेबांना दिसायचं, पण त्यावर कोणी कागद काढला नाही.

आजोबा अर्जुनी मोरगावकडचे. त्यांच्या गावाला दोन तलाव होते, आणि आमच्या लोकांसाठी ओंजळ खाली धरून उभं राहायची सोय. कोणाला न विचारता त्यांनी पहिलं पाणी काढलं ते या टाकीतून. म्हणून धम्म घेतल्यावर टोलीत एक रीत पडली. नवी सून आली की घरात पाऊल टाकायच्या आधी तिने हौदावरून गुंड, म्हणजे पाण्याचा पितळी हंडा, भरून आणायचा. माझ्या आईनेही आणला होता.

माझे बाबा डेपोतल्या कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. आमच्या घरात पाटीआधी पत्रकं आली. ‘निषेध’ हा शब्द मी ‘कमळ’च्या आधी वाचला. बाबा गेले, गठ्ठे राहिले. त्यातली अर्धी पत्रकं पाण्यावरची आहेत.

कोळसा जाऊन डिझेल आलं, तेव्हा टाकीचं पाणी गाडीचे डबे धुवायला वापरू लागले आणि सोंडेऐवजी भिंतीतून एक नळ आला. तोही डबे धुणारे उशिरा बंद करायचे. मग छोटी लाइन उखडली. मी शाळेत होते. शेडचे पत्रे निघाले, इंजिनांच्या खड्ड्यांत बेशरमाची झाडं उगवली आणि नळ कोरडा पडला. त्या उन्हाळ्यात टोलीतल्या बाया मोठ्या लाइनीपलीकडच्या सरकारी नळावर जाऊ लागल्या. पूल लांब, आणि लाइनीवर मालगाडी तासन्‌तास उभी. डब्यांखालून वाकून जायचं. माझी आत्या, बाबांची बहीण, अशीच परत येत होती. गाडीने झटका दिला. आत्याने गुंड सोडला नाही, म्हणून हात वर राहिले. पाय राहिला नाही.

नंतर डेपोत नव्या लाइनीसाठी गिट्टीचे, म्हणजे खडीचे, ढीग आणि स्लीपर येऊन पडले. तिथल्या मजुरांना पाणी हवं होतं, म्हणून टाकी पुन्हा भरली आणि नळ सुरू झाला. आईने त्या दिवशी सरकारी नळाकडे पाठ फिरवली. “मी मरीन, पन त्या गाडीखालून नाई जानार,” ती म्हणाली होती.

दोन वर्षांपूर्वी गिट्टीही उठली. डेपोची जागा ठेकेदाराला गेली. आता तिथे गाड्यांचं पार्किंग आहे आणि जुन्या डब्यात हॉटेल. टाकी पाडली नाही. तिला लाल रंग दिला, खाली दिवे लावले आणि आत येणारा पाइप कापला. भिंत उंच झाली, नळ तिच्यात गेला. मी पत्रक लिहिलं, टोलीभर सह्या घेतल्या, तीन कचेऱ्यांत दिलं. तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं, की टोली कागदावर नाही, तर नळ कुठून असेल.

हॉटेल सुरू झालं त्या दिवशी आई गुंड घेऊन आत गेली. मी मागे. दारात फायबरचं इंजिन होतं, नळीतून खोटी वाफ सोडणारं. लोक मुलांना त्यावर बसवून फोटो काढत होते. आईने गुंड काउंटरवर ठेवला.

मॅनेजर अदबीने म्हणाला, “माताजी, यहाँ का पानी कस्टमर के लिए है।”

“मंग आमी कोन आहोत?” आई म्हणाली. “तुह्या बापाच्या जन्माआधीपासूनचे गिऱ्हाईक आहोत आमी इथचे.”

दोन टेबलं हसली. मॅनेजरही हसला, आणि त्याने पोराला सांगून गुंड भरून दिला. “बस, आज के लिए।”

“आज नाई बापा, रोज. मी रोज येईन.”

दुसऱ्या दिवशी गेटवर साखळी होती. आई तिथे दुपारपर्यंत उभी राहिली. चौकीदार आमच्याच टोलीतला. “काकू, जा न वो. माही नौकरी खाऊन राहिली तू,” तो म्हणाला. आई परत आली.

आठवडाभर ती टँकरची वाट बघत बसली. तो एकदा आला, अर्धी टोली भरायच्या आत संपला. मग एका सकाळी तिने लुगडं खोचलं.

“काऊन, कुठं चालली?” मी विचारलं, माहीत असून.

“पानी का पत्रकातून पडते?” आई म्हणाली.

आता आम्ही दोघी सरकारी नळावर जातो. मी आधी डब्याखालून निघते, आई गुंड सरकवते, मग ती येते. आत्या लाइनीच्या कडेला बाजेवर बसते. सुटायच्या आधी मालगाडीच्या ब्रेकमधून हवा सुटते, बारीक सुस्कारा टाकल्यासारखी. तो आवाज आत्या कधी विसरली नाही. तो आला की ती कुबडी रुळावर आपटते आणि ओरडते, “थांबा वो! कोनी जाऊ नोका!”

मग सगळ्या बाया जिथल्या तिथे उभ्या राहतात. गाडी सरकते. भिंतीपलीकडे टाकीवरचे लाल दिवे दिवसाही चालूच असतात.