खळ लावलेली चाळीस पुस्तकं

आत्या जेवणाआधीची प्रार्थना डोळे उघडे ठेवून ऐकायची. आम्ही सगळे माना खाली घालून बसलेलो, बाबा देवाचे आभार मानताहेत, आणि ही समोरच्या भिंतीकडे अशी बघतेय, जसं काही भिंतीनेच तिचा अपमान केलाय.

"ताई, निदान आमेन तरी म्हण गं."

"वाटलं की म्हणेन. देवाशी खोटं बोलायची मला सवय नाही."

देवाशी तिचं भांडण उजव्या हाताचं होतं. आत्या बाइंडर. तीस वर्षं पुस्तकं शिवली, आणि एक दिवस दुकानातल्या स्टुलावरून पडून मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण चिमटीत सुई टिकेना. कुणी विचारपूस केली की म्हणायची, "मी आता नुसता पुठ्ठा. आत पानं नाहीत."

तेवढ्यात चर्चच्या गीतांच्या नव्या पुस्तकाचे कागद छापून आले. चाळीस प्रती बांधायच्या होत्या. पाळकसाहेब चाचरत म्हणाले, "दुसरीकडे देऊ का? म्हणजे, तुमचा हात..."

"हात दोन असतात, साहेब."

घरी येताना मात्र रस्त्यात थांबून मला म्हणाली, "ही चाळीस डाव्या हाताने जमली तर दुकान चालू. नाही जमली तर कुलूप. ठरलंय माझं."

छापलेला मोठा कागद घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो. फर्म्यांचे ढीग टेबलावर ओळीने मांडायचे, कडेकडेने चालत प्रत्येक ढिगातला एकेक उचलायचा, की झालं एक पुस्तक. फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण असते. क्रम बरोबर असेल तर पुस्तकाच्या पाठीवर या खुणा जिन्यासारख्या उतरतात. हा जिना बघितल्याशिवाय आत्याने आजवर सुईत दोरा ओवला नव्हता.

"मी लावू का ढीग?"

"लांब हो. फर्मे लावणं म्हणजे पत्ते पिसणं नव्हे."

तीन आठवडे ती डाव्या हाताने शिवत होती, दातांत जीभ धरून. पहिल्या पुस्तकाचे टाके लंगडे. दहाव्याचे बरे. तिसाव्याचे असे, की कुठल्या हाताचे ते मलाही सांगता आलं नसतं.

रविवारी पुस्तकं बाकांवर ठेवली गेली. आत्या शेवटच्या बाकावर ताठ बसली, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तशी. पाळकसाहेबांनी उपकारस्तुतीचं गीत सांगितलं. दोन कडवी झोकात झाली. मग सगळे समोरच्या पानावर वळले, आणि तिथे निघाली दफनविधीची गीतं.

निम्मे लोक अडखळले. पण पुढच्या बाकावरचा भोंगा, म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात मोठा आवाज, थांबला नाही. चाल नेमकी जुळली. आनंदाच्या सुरात, मान डोलावत, तो माणसाला मातीत ठेवून मोकळा झाला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग अख्खं चर्च.

आत्या हसली नाही. तिने पुस्तक उघडून पानांचे आकडे बघितले. अठ्ठेचाळीसनंतर पासष्ट. शेजारचं उघडलं, तेच. त्याच्या पलीकडचंही तेच.

"टेबल उलटं मांडलं मी," ती पुटपुटली. "डाव्या हाताला बरं पडावं म्हणून. त्यात दोन ढिगांची अदलाबदल झाली. आणि जिना... जिना बघितलाच नाही. टाकेच बघत बसले."

मला वाटलं, आता ही उठून थेट कुलूप घ्यायला जाणार. ती उठलीही. पण उभीच राहिली. आमच्याकडे गीतानंतर ज्याला आभार मानायचे त्याने उभं राहून मानायचे असतात. सगळे वळून बघायला लागले.

"चूक माझी आहे," आत्या म्हणाली. "चाळीसच्या चाळीस चुकलीत. एकही बरोबर नाही, म्हणजे कामात सातत्य आहे."

भोंगा खो खो हसला. आत्याने मात्र हातातल्या पुस्तकाची पाठ पुढे धरली.

"सरस लावला असता तर सोडवताना पानं फाटली असती. मी पिठाची खळ लावली. खळ ओल्या फडक्याने सुटते. शिवलेलं उसवता येतं." डावा हात तिने वर धरला, स्वतःच पहिल्यांदा बघत असल्यासारखा. "हा पंचावन्न वर्षं माझ्याजवळ होता. कधी विचारलं नाही मी त्याला. देवा, उजवा गेला म्हणून भांडले, हा ठेवलास ते बघितलंच नाही. आभार." आणि बसता बसता, "पण उसवायला मला माणसं लागतील. एकटीला नाही जमायचं."

हे वाक्य मी तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

दुपारी दुकानात आठ जण. पाळकसाहेब बाह्या सरसावून पाठींवर ओली फडकी ठेवताहेत, बाबा दोरे कापताहेत. भोंग्याने पहिलंच पान चुरगाळलं, म्हणून त्याला नुसते आकडे ओरडायला बसवलं.

"एकोणपन्नास!"

"अरे, हळू! पलीकडच्या गल्लीत नाही बांधायची पुस्तकं."

ढीग मी लावले. आत्याने रागवून नाही, शिकवून लावून घेतले. मग एकेक जुडी उचलून माझ्यापुढे धरली. "जिना?"

"उतरतोय."

"नीट बघ. उद्यापासून हे काम तुझं. नऊला ये, सव्वानऊला नाही."

म्हणजे कुलूप नव्हतं. मी पुढचा ढीग सरळ केला. बोलले असते तर तिने वेळ साडेआठ केली असती.

चहा आणि लोणी-पाव आला. बाबांनी सवयीने मान खाली घातली, तर आत्या म्हणाली, "थांब. आज मी." तिने डोळे मिटले. खळीने चिकट झालेली बोटं एकमेकांत गुंतलेली, दोन्ही हातांची. भोंग्यानेसुद्धा मान खाली घातली.

"प्रभू, पुरेसं आहे," ती म्हणाली. "आमेन."

आम्ही सगळे आमेन म्हणालो. तिने डोळे उघडले आणि पाळकसाहेबांचा पाव हवेतच अडवला.

"आधी टेबलापासून लांब व्हा, साहेब. लोणी लागेल पुस्तकांना."